आईच्या नंबरला आलेला अध्याय

देवानं सहा दिवसांत जग केलं. त्याच्या पुस्तकाच्या वाचनाचं वेळापत्रक करायला मला चार महिने लागले, आणि तेही चुकलं. चूक माझी होती, यंत्राची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कारण त्या आठवड्यात लोणावळ्यातली आमची मंडळी त्या चुकीबद्दल चक्क देवाचे आभार मानत होती आणि मी निमूटपणे ऐकून घेत होते.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. मी तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. रोज सकाळच्या शटलनं लोणावळ्याहून चिंचवडजवळच्या एका कारखान्यात जायची. आधी कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुलींमध्ये होते, मग एक परीक्षा दिली आणि प्रोग्राम लिहायला शिकणाऱ्यांत मला घेतलं. शिकणारे पाच, त्यात बाई मी एकटी. कॉम्प्युटर म्हणजे एका थंडगार खोलीत भिंतीला लागून उभी असलेली कपाटं. त्यांना जे सांगायचं ते कार्डांवर, एका ओळीला एक कार्ड.

आमचे साहेब पुण्याच्या पेठेतले, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाले, “कॉम्प्युटरला अक्कल नसते. त्याला एकेक पायरी सांगावी लागते. आज्ञा द्या, झालं का ते बघा, नीट झालं का ते बघा, मग पुढची.”

बाकीचे चौघे वहीत लिहून घेत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे उत्पत्तीचा पहिला अध्याय.”

“काय?”

मी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रोज दिवेलागणीला बाबा पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तेवीस वर्षं ऐकून ते माझ्या हाडात मुरलं होतं. मी साहेबांना सांगितलं, देव एक आज्ञा देतो, तसं होतं, मग तो बरं झालंय का बघतो, मग संध्याकाळ, मग सकाळ, दिवस एक. पुन्हा वरून सुरू. सहा भरले की थांबतो.

साहेबांनी चष्मा काढला. “अहो बाई, हा लूप आहे! काउंटरसकट!”

मी फुगून टम्म झाले. दुसऱ्या दिवशी साहेब कुणाकडून तरी बायबल मिळवून, वाचूनच आले. “उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी? तुमच्या देवाच्या हातून कार्डं पडलेली दिसतात. मागची पुढे झालीत.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बोलावं लागलं, कारण माझीच कार्डं पडली. तळेगाव स्टेशनावर उर्सेच्या एक मावशी मेथीची पाटी घेऊन डब्यात घुसल्या, त्यांचा धक्का लागला आणि तीनशे कार्डं डब्यात पसरली. अख्ख्या डब्यानं गोळा करून दिली, काहींना मेथीची पानं चिकटलेली. पण प्रत्येक कार्डाच्या शेवटी मी क्रमांक घातला होता. चिंचवड येईपर्यंत मांडीवर गठ्ठा पुन्हा लागला. साहेबांना म्हटलं, “आमच्या शास्त्रातही हेच आहे. पुस्तक, अध्याय, वचन. पान फाटून उडालं तरी कुठलं ते कळतं.” ते हसले आणि आमचा समेट झाला.

मग तो आमचा दोघांचा खेळच झाला. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात एकच ओळ सव्वीस वेळा येते. साहेब म्हणाले, ही एकदाच वेगळी लिहून ठेवायची आणि लागेल तेव्हा बोलवायची. मोशेनं रागानं देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या आणि पुन्हा डोंगर चढून दुसऱ्या आणल्या. साहेब म्हणाले, म्हणून दुसरी प्रत आधीच काढून ठेवावी. येशूच्या एकाच आयुष्याची चार शुभवर्तमानं, म्हणजे चार जणांनी लिहिलेले चार प्रोग्राम. “उत्तर एकच येतं का?” “जवळजवळ.” “जवळजवळ म्हणजे चूक, बाई.” “जवळजवळ म्हणजे माणसं, साहेब.” हे मी बोलले खरी, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला होता असं नाही. उत्तराला उत्तर द्यायची मला खोडच होती.

त्याच वर्षी आमच्या चर्चचे पाळकसाहेब टाकवे बुद्रुकला एका लग्नाला गेले. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, आणि कोणी कधी उभं राहायचं त्या पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर. पाळकसाहेब परत आले ते भारावूनच. आपल्या मंडळीच्या वर्धापनदिनाला अख्खं शास्त्र वाचायचं, सोमवार ते शनिवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. रविवारी विसावा, देवानं घेतला तसा. नियम एकच. दिवस चालू झाला की वाचन थांबायचं नाही. वाचणाऱ्यानं आपलं बोट शेवटच्या वचनावर ठेवायचं आणि पुढच्यानं येऊन पुढच्या वचनावर आपलं बोट टेकवलं की मगच ते उचलायचं.

यादी करायला वडीलमंडळी बसली आणि भांडून उठली. सगळ्यांना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे तेविसावं स्तोत्र हवं होतं, बळींच्या आणि विधींच्या नियमांचं लेवीय कुणालाच नको होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मी कॉम्प्युटरवर करून देते.” कॉम्प्युटर कुणीच पाहिला नव्हता. माझ्या बाबांनी, ते लोणावळ्याच्या केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढायचे, अभिमानानं मागे वळून सगळ्यांकडे बघितलं.

साहेबांनी परवानगी दिली, जेवणाच्या सुट्टीत, सराव म्हणून. मी अकराशे एकोणनव्वद अध्याय वाचकांत सारखे वाटून टाकले. साहेबांनी कागद बघितला आणि खो खो हसायला लागले. “एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात वचनं किती?” एकशे शहात्तर. “आणि एकशे सतराव्यात?” दोन. “आणि दोन्ही एकेक अध्याय. वा!” मग मी प्रत्येक अध्यायातली वचनं मोजायला घेतली. घरी बाबा आकडे सांगायचे, मी लिहायची, आई कंदिलाची काच पुसता पुसता “गननेचं झालं का?” विचारायची. कारखान्यातल्या मुलींनी डबा खाताखाता कार्डांना भोकं पाडून दिली. त्यांतली एकही ख्रिस्ती नव्हती, पण चार महिन्यांत त्यांना सहासष्ट पुस्तकं ओळीनं पाठ झाली होती.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई आंदर मावळातली, डोंगराच्या पार पोटातल्या एका वाडीतली. लहानपणी मिशनच्या बंगल्यावर कामाला आली, तिथंच बाबांशी लग्न झालं. ती बाबांच्या माणसांत आली, त्यांच्या देवाकडे आली, फक्त बोलणं तेवढं तिनं आपलं ठेवलं. आणि तिला वाचता येत नव्हतं. हे घरातल्या आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. चर्चमध्ये ती शास्त्र उघडून मांडीवर घ्यायची आणि शेजारणीनं पान उलटलं की आपलं उलटायची. ऐकून ऐकून इतकं पाठ होतं की कुणाचं वाचताना चुकलं तर पहिली मान तिचीच वर व्हायची. मंडळीत तिचा लौकिक होता, की या बाईसारखं वाचन कुणाचं नाही. तो लौकिक तिला प्यारा होता आणि त्याच्या ओझ्यानं ती पंचवीस वर्षं भीत भीत जगली होती. कुणी चिठ्ठी वाचायला दिली की तिचा चष्मा घरी राहिलेला असायचा. चष्मा तिला नव्हताच.

यादी ठरत होती तेव्हा एक दिवस ती मला म्हणाली, “मलाबी एक अध्याय दे. रूथचा पयला.”

मी चकित झाले. “आई, तिथं उभं राहून वाचायचंय.”

“पाठ करीन. पुस्तक उघडं ठिवीन, बोट फिरवीन. कुनाला कळतंय?”

रूथच का, ते मी विचारलं नाही. रूथ म्हणजे नवऱ्याच्या माणसांत आलेली परमुलखातली सून, परत जा म्हटलं तरी न गेलेली. आईला एकदा, मंडळीसमोर, स्वतःच्या तोंडून ते सांगायचं होतं. बाबा रोज संध्याकाळी दोन वचनं वाचायचे आणि ती भाकरी थापताना ती घोळवायची. बावीस वचनं. दोन महिन्यांत तिला ती अशी आली की मधूनच कुठूनही सुरू करून दाखवायची.

तिच्यासारखे एकाच अध्यायापुरते वाचक अकरा होते, बहुतेक म्हातारे. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही म्हणून अध्याय निवडायची मुभा होती. मी दोन गठ्ठे केले. एकात अकरा माणसं, एक ते अकरा. दुसऱ्यात त्यांनी निवडलेले अकरा अध्याय, तेही एक ते अकरा. सहा नंबरच्या माणसाला सहा नंबरचा अध्याय. आई सहा नंबर. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, “बाई, नंबर बदलतात. अध्यायाची भोकं माणसाच्याच कार्डावर पाडा.” मी हो म्हटलं. मग मला कंटाळा आला.

मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्यांवर नुसते आकडे छापायचे ठरलं. वाचकाचा नंबर, वार, वेळ, पुस्तकाचा क्रमांक, अध्याय. चर्चच्या भिंतीवर पुस्तकांचा तक्ता लावला होता, उत्पत्ती एक, रूथ आठ, असा. आकडे आईला यायचे.

शेवटच्या शनिवारी पाळकसाहेबांनी निरोप पाठवला की दोन नंबरचे निवृत्त गार्ड मुलाकडे भुसावळला निघालेत, त्यांचं नाव काढ. मी त्यांचं कार्ड काढलं आणि खालच्या सगळ्यांचे नंबर एकेकानं वर सरकवले. अध्यायांच्या गठ्ठ्याला हात लावला नाही. छापलेलं वाचून बघितलं नाही, कारण शटल सुटत होती. तेवढ्यानं काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. सहा नंबरची आई पाच झाली आणि तिच्या वाट्याला आधीच्या पाच नंबरचा अध्याय आला.

ते आधीचे पाच नंबर म्हणजे शाळेतले निवृत्त गुरुजी. सबंध मंडळीत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय मागून घेणारे ते एकटेच. तो अध्याय म्हणजे आदामापासून चोपन्न वचनं नुसती नावं. ती अडखळल्याशिवाय वाचून दाखवायची, असा त्यांचा बेत होता. माझ्या कृपेनं त्यांना मिळालं ते एकशे सतरावं स्तोत्र, दोन वचनांचं. आणि आईचा रूथ गेला आधीच्या सात नंबरकडे, घाटात इंजिन चालवलेल्या एका ड्रायव्हरकाकांकडे.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्या वाटल्यावर कुणीतरी बोललं असेल. कुणी बोललं नाही! आमच्या शास्त्रात चिठ्ठ्या टाकून देवाची इच्छा विचारायची जुनी रीत आहे. यंत्रातून चिठ्ठी निघाली, मागितलं एक आणि आलं दुसरं, म्हणजे देवानंच निवडलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. पाळकसाहेबांनी सोमवारी सकाळी त्याबद्दल आभाराची प्रार्थनासुद्धा केली म्हणे. मी तेव्हा शटलमध्ये होते. संध्याकाळी आले तेव्हा इतकंच कळलं की रेल्वेचे निवृत्त गँगमन, एका अध्यायवाले, त्यांना अचानक ताप भरला आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्यानं वाचलं. आईनं आपली चिठ्ठी बघितलीही नव्हती. मिळाल्या मिळाल्या पदराच्या गाठीत बांधून टाकली होती. मुलीनं केलंय, ते बघायचं काय, असं तिचं म्हणणं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला रूथ येणार होता. मला त्या दिवशी अर्धीच रजा मिळाली, ती मी दुपारच्या माझ्या स्वतःच्या वाचनासाठी घेतली. बाबांनी मात्र ड्युटी बदलून घेतली होती. दुपारी गाडीतून उतरले ती धावतच चर्चला गेले. आई आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. आईनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं.

“माजा अध्याय वाचला गं दुसऱ्यानं,” ती म्हणाली. “मी उठाया लागले, तर ड्रायव्हरकाका आधीच जाऊन हुबं. मी खाली बसले.”

बाबांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. पाच. मंगळवार. साडेतीन. तेरा. एक. मी ती दोनदा वाचली. गठ्ठे डोळ्यांसमोर आले, एक सरकलेला, एक तसाच. मी रडायला लागले. मग रडता रडता चिडले, साहेबांवर, भुसावळवर, शेवटी स्वतःवर.

“मी पाळकसाहेबांना सांगते. माझी चूक आहे. गुरुजींना वाचू दे.”

“आनि मी का वाचत न्हाई म्हून सांगशील?”

“बरं नाही म्हणून.”

“काल गँगमनला ताप आला, आज मला. मंडळी खुळी न्हाई.” मग ती हसलीच. “माणसांना नंबर घातल्याव काय हुतं ते दाविदाला इचारायचं व्हतंस.”

दावीद राजानं लोकांची मोजदाद केली आणि सगळ्या देशावर संकट आलं, ती गोष्ट बाबांनी माझ्यासमोर वीसदा तरी वाचली असेल. शास्त्रात माणसाला नंबर कुठंच नाही. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, पानंच्या पानं. मी लहानपणापासून त्या याद्यांना कंटाळत आले होते. एका माणसाला दुसऱ्या माणसाशी बांधून ठेवलेलं, म्हणजे मधलं एक निघून गेलं तरी बाकीचे सरकत नाहीत. साहेब मला चार महिने हेच सांगत होते, आणि ते तेराव्या पुस्तकात आधीपासून होतं.

“मग काय करायचं?” बाबांनी विचारलं.

“जाते,” आई म्हणाली. “बघू.”

साडेतीनला पाच कमी होते. तेराव्या पुस्तकाच्या आधी राजांचं दुसरं पुस्तक संपतं, ते आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका वाचत होती. आई उठली, पुढे गेली, तिच्या शेजारी उभी राहिली. शिक्षिकेनं शेवटचं वचन वाचलं आणि बोट ठेवून थांबली. आईनं बोट टेकवलं नाही. ती मंडळीकडे बघत होती. वाचन थांबायचं नाही म्हणून शिक्षिकेनं तेच वचन पुन्हा वाचलं. त्यात एका कैदी राजाला रोजचा शिधा मिळायचा असतो. तिसऱ्यांदा त्याला शिधा मिळाला. बाहेर पडायची अट न घातलेला लूप मी त्याआधी फक्त मशीनवर पाहिला होता. चौथ्यांदा शिधा चालू झाला तेव्हा आईनं तिच्या दंडाला हात लावला आणि ती बोलली.

“मंडळी, मला वाचाया येत न्हाई.”

माझ्या शेजारी बाबांनी पुढच्या बाकाची कड धरली.

“पंचवीस वरसं पुस्तक मांडीव घेऊन बसतीया. तुमी पान उलटलं की मी उलटायची. मी रूथ पाठ केला हुता, त्यो सकाळी झाला. ह्यो अध्याय मला येत न्हाई. पन वाचन थांबवायचं न्हाई असं ठरलंया. तवा कुनीतरी हितं येऊन माज्या कानात सांगा. मी मोठ्यानं बोलते.”

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी उठून ओरडावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

“मलाबी न्हाई येत!”

ते गँगमन होते. ताप आलेले. “मी बी उत्पत्तीचा पयला पाठ केलता. हातात आला समुद्राचा अध्याय. मंग काय करनार, झोपलो घरी.”

चर्चमध्ये हसू फुटलं. ते टिंगलीचं नव्हतं. पाळकसाहेबसुद्धा हसले, आणि हसता हसताच म्हणाले, “रूथ रविवारी उपासनेत ऐकू, पुस्तक मिटून. आणि उत्पत्तीसुद्धा.” मग पहिल्या बाकावरून गुरुजी उठले. दोन वचनांच्या स्तोत्रामुळे ते सोमवारपासून कुणाशी बोलले नव्हते. कोट सारखा करून ते वर गेले, आईच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं. शिक्षिकेनं सुटकेचा श्वास सोडून आपलं उचललं.

गुरुजी कानात सांगायचे, आई मोठ्यानं बोलायची. पहिली दोन-तीन नावं सोपी गेली. मग लांबलचक नावं सुरू झाली आणि आईच्या तोंडून ती मावळी होऊन बाहेर पडायला लागली. गुरुजींनी एकदा दुरुस्त केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी नाद सोडला. आईचा आवाज खणखणीत, डोंगरावरून हाक मारायची सवय असलेला. दहाव्या वचनाच्या सुमाराला गँगमन तिच्यामागून नाव म्हणायला लागले, सप्ताहात म्हणतात तसं. मग ड्रायव्हरकाका. मग सगळा उजवा भाग. गुरुजींनी कानात सांगायचं सोडून सरळ मोठ्यानंच सांगायला सुरुवात केली. ते एक नाव देणार, आई ते तिच्या पद्धतीनं देणार आणि चर्च ते आईच्या पद्धतीनं म्हणणार. ज्या अध्यायाला आम्ही सगळे जन्मभर डुलक्या घेत आलो तो चोपन्न वचनांचा अध्याय त्या दुपारी असा दणाणला की बाजारातून जाणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. बाबा रडत होते आणि प्रत्येक नाव म्हणत होते. मला इतका आनंद झाला होता की लाज कुठे गेली ते कळलंच नाही. माझा प्रोग्राम चुकला नसता तर हे झालं नसतं, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात आला. तो मी साहेबांना कधीच सांगितला नाही.

एवढ्यात चोपन्नावं वचन आलं, आणि माझ्या ध्यानात आलं की पुढचा वाचक मी आहे.

मी घाईघाईनं वर गेले. गुरुजी जरा बाजूला सरकले. पण त्यांच्या बोटावर आता आईचंही बोट होतं, घट्ट. मी त्याखाली माझं बोट टेकवलं, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनावर. दोघांनी आपली बोटं उचलली. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. मी पुस्तकात बघितलं, तर एकही अक्षर दिसेना. डोळे काठोकाठ भरलेले, ओळी एकमेकींत मिसळलेल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

आई अजून माझ्याजवळच उभी होती. ती वाकून माझ्या कानाशी आली आणि पहिल्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, “का गं? तुलाबी येत न्हाई व्हय?”